पिवळ्या नावेतली सायली

मखमलाबाद, नाशिक
१० नोव्हेंबर २०२४

फोटो खिडकीशी नेऊन तुझी आई तो तिरका धरते आहे, उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून बघते आहे आणि मला विचारते आहे, नाव पिवळी आहे ना. पिवळी आहे. रंग तिला अजून दिसतात. चेहरे दिसेनासे होऊन वर्ष झालं. काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणतात, गेलेलं परत येत नाही, उरलंय ते थेंबांवर सांभाळायचं. थेंब मी घालतो.

हे पत्र ती सांगते आणि मी लिहितो. मी सांगते तेवढंच लिहा, असं तिने बजावलं आहे. घरात फोन एकच, माझा, आणि माझा नंबर तुझ्याकडे लागत नाही. म्हणून पाकिटावरचा तुझा परदेशातला, अवेरो गावचा पत्ता उतरवून घेतला.

"लिहा, सायले, फोटू मिळाला. इतके दिवस नुसत्या नावा धाडल्या, ह्या खेपेला तू हायेस. लिहिलं?"

लिहिलं.

तुझी पाकिटं तिच्या नावाने येतात. 'सौ. गोजराबाई काकड'. मधलं नाव नसतं, तरी पोस्टमन बरोबर आणून देतो. आत पत्र नसतं, फोटो असतो, आणि फोटोमागे तुझ्या अक्षरात एखादी ओळ. ती मी वाचून दाखवतो. सगळे फोटो तिने स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवून घेतले आहेत. लाल नाव, हिरवी नाव, निळी नाव. नावांच्या वर वळलेल्या टोकांवर राजा, कोळीण, दाढीवाला म्हातारा अशी चित्रं. कालव्याच्या दोन्ही बाजूंनी घरं आणि घरांना रंगीत फरशा. त्यातल्या काही तू काम करतेस त्या फरशांच्या कारखान्यात रंगवलेल्या असतील असं ती धरून चालते.

प्रत्येक फोटोला ती विचारते, "पाणी सोडलंय का?" तिच्या माहेरच्या मळ्यामागून डावा कालवा जातो. कालव्याला पाणी सोडतात आणि बंद करतात, एवढंच तिला माहीत. तिथे बाराही महिने असतं, असं मी सांगितलं.

"मग शेती लय असंल."

"शेती दिसत नाही. नुसती घरं."

"मग पाणी जातं कुठं?"

एका फोटोमागे तू लिहिलं होतंस की पूर्वी या नावांमधून पाण्यातलं शेवाळ काढून शेतात खत म्हणून घालत, आता प्रवासी बसतात. ते तिला पटलं. "म्हंजे खताच्या गाड्याच की," ती म्हणाली. तेव्हापासून ती त्यांना गाड्या म्हणते.

पोरगी दिसती का, हेही ती दर वेळी विचारायची. फोटो काढणारा फोटोत नसतो, असं मी सांगायचो. या वेळी तू आहेस. पिवळ्या नावेत बसली आहेस. डोक्यावर पांढऱ्या फुलांची गुंफण आहे, गळ्यात तशीच माळ, अंगावर शाल, एक हात पोटावर. तू कुणाकडे तरी बघून हसते आहेस. डाव्या कडेला कुणाचं तरी कोपर आलं आहे, त्यावरही फुलं आहेत. फोटो ज्याने काढला त्याला कडा सांभाळता येत नाहीत.

हे मी तिला सांगत होतो आणि ती मध्ये मध्ये विचारत होती.

"बसलीय का उभी?"

"बसलीय."

"नावंतच?"

"नावेतच."

"हात कुठं हाय?"

"पोटावर."

तिने फोटो माझ्याकडून घेतला आणि मांडीवर पालथा ठेवला.

पंचवटीतल्या आपल्या स्टुडिओत मी सातव्या महिन्यातल्या किती बायका नावेत बसवल्या त्याला गणती नाही. प्लायवूडची नाव, मागे पडद्यावर रंगवलेलं पाणी. बायकांच्या अंगावरची फुलांची वाडी तुझी आई भरायची. कुणाचं डोहाळजेवण झोपाळ्यावर, कुणाचं चांदण्यात, पण नावेतल्याला मागणी जास्त. तू तेव्हा काउंटरमागे अभ्यास करायचीस.

"डोहाळजेवण हाय ते," ती म्हणाली. "अहो, सातवा लागला पोरीला."

मीही तेच समजलो होतो. बोललो नव्हतो, इतकंच.

"लिहा. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. आता विमानात बसू देत नसतील तर मोकळी झाल्यावर ये, सव्वा महिना न्हाऊमाखू मी घालीन, हातांना कुठं काचबिंदू झालाय. कुणाचं हाय, कसं हाय, मी इचारणार नाय. अण्णा पण इचारणार नाय."

हेही लिहू का, असं मी विचारलं.

"लिहा."

लिहिलं.

गोजराबाई
(लिहिणार : सावळीराम)


२४ नोव्हेंबर

आईचं म्हणणं पडलं की तिथे डोहाळजेवण कुणी केलं असेल, पण आईची ओटी राहिली. म्हणून काल इथे केलं.

शेवंतीची वाडी तिने दोन दिवस बसून केली. डोळ्यांची गरज लागली नाही. देठ मोडून फूल बोटाने चाचपायचं आणि दोऱ्यात ओवायचं. सवाष्णींना आमंत्रणं गेली. दोघी आल्या नाहीत. एकीने गुडघ्याचं कारण सांगितलं, दुसरीने तेवढंही नाही.

शेजारच्या सरुबाई सगळ्यांआधी आल्या. त्यांनी दारातच विचारलं, "गोजरे, जावई कोण गं?"

"ओटी पोरीची भरायची का जावयाची?"

"मी आपलं इचारलं."

"मग इचारून झालं आसंल तर नारळ सोल."

पाटाभोवती रांगोळी काढली. पाटावर तांब्या आणि तांब्याला टेकवून तुझा फोटो. तुझी आई शेवंतीची माळ फोटोला घालायला गेली तेव्हा सरुबाईंनी तिचा हात धरला.

"अगं, काय करतीस! जित्या माणसाच्या फोटूला हार?"

आईच्या हातात माळ तशीच. मी मधल्या दारात उभा होतो. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. हार घातलेले फोटो मोठे करून चौकटीत बसवायचं काम मी जन्मभर केलं आहे.

मग सरुबाईंनीच मार्ग काढला. त्यांची सून हर्षाली, लग्नाला वर्ष झालेली, तिला पाटावर बसवलं. तुझा फोटो तिच्या मांडीवर आणि वाडी तिच्या अंगावर. खण, नारळ, हळकुंड, तांदूळ सगळं तिच्या पदरात.

"सायलीताईची ओटी आणि जड मला," हर्षाली म्हणाली.

"राहू दे जड. गुण लागंल," सरुबाई म्हणाल्या.

"आत्या!"

बायका हसल्या. मग झाकलेल्या दोन वाट्या तिच्यापुढे ठेवल्या. तिने एक उघडली, पेढा निघाला. मुलगा म्हणतात. तुझी आई म्हणाली, "बर्फी निघाली आसती तरी चाललं आसतं. तसं लिहा."

तसं लिहितो आहे.

फोटो काढा अण्णा, असं त्या सगळ्या म्हणाल्या. कॅमेरा ट्रंकेत आहे, मी काढला नाही. स्टुडिओ बंद केल्यापासून काढलेला नाही. पेढा मात्र मलाही दिला आणि मी खाल्ला.

गोजराबाई
(लिहिणार : सावळीराम)


८ डिसेंबर

हे पत्र आईला माहीत नाही. ती माहेरच्या मळ्यावर गेली आहे, शेवंतीचा तोडा चालू आहे.

तुझ्यासाठी मागची खोली रिकामी केली. स्टुडिओचे दिवे आणि पडदे त्या खोलीत होते, ते माळ्यावर चढवले. भिंतींना चुना मीच लावला. खाट उन्हात टाकून ढेकूण नाहीत हे पाहून घेतलं. आईने जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली आहेत. टाके थोडे लांब पडतात. सुईत दोरा मी ओवून ठेवतो, सकाळी आठ-दहा सुया, म्हणजे तिला हाक मारावी लागत नाही. डिंक आणून ठेवला आहे. लाडू तू कळवल्यावर.

आपल्या गल्लीत आता सगळ्यांना माहीत आहे. सिन्नरलाही कळलं असेल, कारण तुझ्या सासरच्यांपैकी कुणीतरी बाजारात सरुबाईंना भेटलं आणि काही बोललं. काय ते सरुबाईंनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "मी पण ऐकवलं, अण्णा. तुम्ही काळजी करू नका." सिन्नरविषयी मी या पत्रात लिहिणार नाही. ते घर तू सोडलंस त्याला तीन वर्षं होतील.

मला एक विचारायचं होतं. तुझी आई तुला न्यायला विमानतळावर येईन म्हणते. तिला एकटीला नेता-आणता येणार नाही, गर्दीत माणसं तिला अंगावर आल्यावरच कळतात. म्हणजे मला यावं लागेल. मी गाडीत बसून राहीन, हर्षाली तिला आतपर्यंत नेईल. हे चालेल का, तेवढं कळव. फोटोमागे एक शब्द लिहिलास तरी पुरे.

तुझा फोटो मी भिंगाखाली पाहिला. चेहरा भरला आहे. डोळ्यांखाली काही नाही. फोटोत निळा रंग जरा जास्त ओढला गेला आहे, पण त्वचेचा रंग खरा आहे. त्यावरून तब्येत कळते.

सावळीराम


५ जानेवारी २०२५

तुझा फोटो शुक्रवारी आला. कालव्यावरचा पूल, पुलाच्या कठड्याला बांधलेल्या रंगीत फिती, खाली दोन नावा, एक लाल आणि एक पांढरी. मागे तू लिहिलं आहेस :

'आई, मी गरोदर नाही. त्या दिवशी इथे जत्रा होती, नावेत बसणाऱ्या सगळ्या बायकांना फुलं घालत होते. खूप जेवलो होतो म्हणून हात पोटावर. सरुमावशीला सांग. दुपटी ठेव. सायली.'

मी ते दारातच वाचलं. तुझी आई आत तांदूळ निवडत होती. तांदूळ ती ताटावर बोटं फिरवून निवडते, खडा लागला की कळतो.

"आलं का पाकीट?"

"आलं."

"काय हाय?"

"पूल आहे. फिती बांधल्यात, सगळ्या रंगांच्या. दोन नावा."

"पोरगी?"

"नाही."

"आता कुठं फिरंल ती, दिवस भरत आले," ती म्हणाली. "मागं काय लिहिलंय?"

मी म्हणालो, पत्ता लिहिलाय नुसता.

तिने फोटो खिडकीशी नेऊन पाहिला. लाल नाव तिने बरोबर ओळखली, पांढरी ओळखता आली नाही. मग तो भिंतीवर रांगेच्या शेवटी चिकटवला आणि मला म्हणाली, आता एकाचीच जागा राहिली, तिथं बाळाचा लावू.

तुझी ओळ भिंतीकडे तोंड करून आहे. मी रोज तिथे चहा पितो.

काल सरुबाई विचारत होत्या, नववा लागला का. तुझ्या आईने बोटांवर मोजून लागला म्हणून सांगितलं. हर्षालीने माझ्याकडे पाहिलं. तिला काही माहीत नाही, पण फोटो चिकटवायला तिनेच मदत केली होती, आणि मागचं अक्षर तिने वाचलं की नाही हे मला विचारता येत नाही.

माझ्या ८ तारखेच्या पत्राचं उत्तर त्यात नव्हतं. पत्र उशिरा पोचलं असेल म्हणावं, तर दुपट्यांचं मी त्याच पत्रात लिहिलं होतं.

तू खूप जेवली होतीस हे वाचून बरं वाटलं. इथे असताना तू अर्धी भाकरी सोडून उठायचीस.

सावळीराम


१२ जानेवारी

आज सांगितलं.

थेंब घातल्यावर डोळे मिटून बसायचं असतं, नाहीतर औषध वाहून जातं. ती ओट्याला टेकून डोळे मिटून बसली होती. त्या वेळी सांगितलं. तुझी ओळ पाठ झाली होती, ती तशीच म्हणून दाखवली.

तिने डोळे उघडले नाहीत. मला वाटलं तिला ऐकू गेलं नाही.

"कधी आलं?"

"मागच्या शुक्रवारी."

"पुलाच्या मागं?"

"हो."

"तरीच चहा पिताना तुम्ही बोलत नव्हता." मग म्हणाली, "बरी हाय ना ती?"

"बरी दिसते."

"बरी हाय आसं लिहिलंय का?"

"पोटभर जेवली होती असं लिहिलंय."

"मग बरी हाय."

थोड्या वेळाने ती हसली. सरुबाईने नारळ सोलताना बोटाला लावून घेतलं होतं, ते तिला आठवलं. पेढा खाऊन बसले बया सगळे, म्हणाली. मीही हसलो. मग ती हसायची थांबली.

"लाडू करायचे राहिलेत," ती म्हणाली. "डिंक आणलाय तुम्ही."

मी म्हणालो, डिंक परत करता येईल, दुकानदार ओळखीचा आहे.

"परत कशाला? बाळ नाय म्हंजे पोरगी यायची नाय, आसं कुठं हाय? माहेर काय बाळंतिणीलाच आसतं? मागं ती नुसतीच आली होती. एक पिशवी घेऊन. मी पिठलं टाकलं होतं. तुम्ही तिच्या हातातली पिशवी सुद्धा घेतली नाय आणि इचारलंत, किती दिवसांसाठी आलीस. दुसऱ्या दिवशी सिन्नरच्या यष्टीत बसवून दिली. ती तिथं उतरली आन् तिथून जी गेली ती अवेरोलाच."

तिचे डोळे मिटलेले होते.

"बोला की."

"तू सांग, मी लिहितो," मी म्हणालो.

"नेहमी मीच सांगू का?"

वही आणून मी तिच्याजवळ बसलो. या वेळी मीच लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. ते असं :

सायली, मागची खोली तयार आहे. बाळंतपणासाठी केली होती, तरी त्यात नुसतं राहताही येतं. नुसतीच ये. किती दिवसांसाठी, ते कुणी विचारणार नाही. तुला कुणाला आणायचं असेल तर आण. यायचं नसेल तर फोटो पाठवत राहा, भिंत अजून एक आहे.

"बरं लिहिलंय," ती म्हणाली. "खाली नाव काय घातलं?"

मी नाव घातलं नव्हतं. तिला विचारलं काय घालू.

"ती काय म्हणती तुम्हाला?"

अण्णा


१३ जानेवारी, सकाळ

पाकीट बंद करणार होतो. आई म्हणाली, पोरीनं एवढे फोटो धाडले, आपण एक तरी धाडला का. ट्रंक उघडली. कॅमेरा चालू झाला. तिने पिवळं लुगडं नेसलं, ते तिला स्वतःलाही दिसतं. अंगणात ऊन चांगलं होतं. कॅमेऱ्याची मापं मी लावली, बटण हर्षालीने दाबलं. प्रत काढून आणली, सोबत आहे.

आई खुर्चीवर बसली आहे. मी उजव्या कडेला उभा आहे, मध्ये जागा सोडून. "अण्णा, आत सरका ना, निम्मे बाहेर चाललात," हर्षाली म्हणत होती. मी सरकलो नाही. कापायचं झालं तर सरळ रेषेत कापता येईल, आईच्या पदराला धक्का लागणार नाही.